स्वतःत सुधारणा : रील सोडून खरंच काय काम करतं? (बडोद्याच्या अकरावीवाल्यांचा धागा)

दांडियाबाजार_गँग

नमस्कार मंडळी. आम्ही पाच जण, अकरावी सायन्स, शाळा वेगवेगळ्या पण ट्युशन एकच त्यामुळे रोज संध्याकाळी भेट होतेच. इंग्लिश मीडियमवाले आहोत, ऱ्हस्व दीर्घ सांभाळून घ्या, मराठीत मुद्दाम लिहितोय कारण घरच्यांना पण वाचायला द्यायचंय.

तर झालं असं की गप्पा मारताना लक्षात आलं, प्रत्येकाच्या फोनमध्ये तीच रील्स सेव्ह आहेत. पहाटे पाचला उठा, थंड पाण्याने अंघोळ करा, डोपामिन डिटॉक्स करा, २१ दिवसात आयुष्य बदला. सेव्ह सगळ्यांनी केलंय, करत कोणीच नाही. मग ठरवलं की एकेकाने एकेक दावा उचलायचा आणि तो मुळात आला कुठून ते शोधून काढायचं, रीलवाल्या दादाने सांगितलं म्हणून नाही. जे सापडलं ते इथे टाकतोय, चुकत असेल तर मोठ्यांनी सांगा.

आधी २१ दिवस. हे निघालं मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनपासून, १९६० साली त्याने लिहिलं की ऑपरेशननंतर पेशंटला स्वतःचा नवा चेहरा ओळखीचा वाटायला कमीत कमी २१ दिवस तरी जातात. आता गंमत बघा, त्यातलं "कमीत कमी" गळालं, चेहरा पण गळाला, आणि नुसते २१ दिवस उरले. प्रत्यक्ष मोजलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि तिच्या टीमने. ९६ जण, १२ आठवडे, प्रत्येकाने एक साधी गोष्ट धरली, कोणी जेवताना पाणी प्यायचं, कोणी रोज फळ खायचं, कोणी जेवणाआधी पळायचं. विचार न करता आपोआप व्हायला लागायला साधारण ६६ दिवस निघाले. पण खरी मजा रेंजमध्ये आहे, १८ दिवसांपासून २५४ पर्यंत (१२ आठवड्यांपुढचे आकडे गणिताने काढलेला अंदाज आहेत)! म्हणजे एकाचं तीन आठवड्याच्या आत बसलं आणि दुसऱ्याला आठ महिन्यांहून जास्त लागले असते. आणि मधेच एखादा दिवस बुडाला तर फारसा फरक पडला नाही, हे वाचून आमच्यातल्या दोघांनी सुटकेचा श्वास टाकला कारण ते "साखळी तुटली, आता सोमवारपासून" ह्या पंथाचे आहेत.

दुसरं अभ्यासाचं. ह्यात आम्ही सगळेच अडकलो. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक ह्या दोघांनी कॉलेजच्या मुलांना उतारे वाचायला दिले. एका गटाने तोच उतारा परत वाचला, दुसऱ्याने कागद बाजूला ठेवून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी टेस्ट घेतली तर परत वाचणारे पुढे, ८१ टक्के, लिहिणारे ७५. आठवड्यानंतर उलटं झालं. वाचणारे ४२, लिहिणारे ५६. आणि पुढच्या प्रयोगात मुलांना आधी विचारलं की तुम्हाला आठवडाभराने किती आठवेल, तर ज्यांनी जास्त वेळा वाचलं होतं तेच जास्त कॉन्फिडंट!

आम्हाला हेच सगळ्यात जास्त लागलं. चार रंगाच्या हायलायटरने केमिस्ट्रीचं पुस्तक रंगवलं की मस्त वाटतं, झालं एकदम. पुस्तक बंद करून कोऱ्या कागदावर लिहायला बसलं की डोकं रिकामं, लाज वाटते. आणि काम मात्र तेच करतं. रीलचं पण तसंच आहे असं आमचं मत झालंय, बघताना वाटतं की आपण सुधारतोय आणि त्यावरच भूक भागते.

बोला.

लीलो_चेवडो

जबरू लिहिलंय यार. आमच्या घरी हायलायटरचा बॉक्स आहे तो धाकट्या बहिणीला रांगोळीचे रंग म्हणून देऊन टाकतो आता.

पण पहाटे पाचचं काय? ते नाही शोधलं? माझे पप्पा त्यावरच अडून बसलेत.

रावपुऱ्याचे_काका

मुलांनो प्रयत्न स्तुत्य. पण एक सांगतो, राग मानू नका. आमच्या वेळी असं काही शोधायला लागत नसे. पहाटे उठायचं, जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचं, माणिकरावांच्या तालमीची शिस्त काय होती हे आमच्या वडिलांच्या तोंडून ऐकलंय, मल्लखांब, जोर, बैठका, मग घरी येऊन दूध आणि शाळा. कोणी प्रयोग केले नव्हते आमच्यावर.

आणि बडोद्यात राहून सुधारणेसाठी अमेरिका लंडन कशाला? आपले सयाजीराव घ्या. ११ मार्च १८६३ ला नाशिककडच्या कवळाण्यात जन्म, शेतकऱ्याच्या घरचा गोपाळ. १८७५ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसले तेव्हा बारा वर्षांचे होते आणि लिहिता वाचता येत नव्हतं. इलियट साहेब म्हणून इंग्रज शिक्षक होते त्यांच्या हाताखाली शिकले, मराठी गुजराती उर्दू इंग्रजी चारही भाषा, आणि १८८१ च्या डिसेंबरात कारभार हातात घेतला. सहा वर्षं! तुमच्या वयाचं पोरगं होतं ते. ह्याला म्हणतात सुधारणा. मनात आणलं की होतं.

सुरसागर_काठची

काका नमस्कार. सयाजीरावांबद्दल पूर्ण आदर आहे, आमच्या घरात फोटो आहे. पण "मनात आणलं की होतं" हे ह्या गोष्टीतून कुठे निघतं? त्यांच्यासाठी शिक्षक होते, वेळ होता, दिवाण राजा सर टी. माधवराव राज्य चालवत होते तेवढ्या काळात. भांडी घासायची नव्हती. मी हे टोमणा म्हणून लिहीत नाहीये, उलट मला वाटतं महाराजांना स्वतःला हे बरोबर कळलं होतं. त्यांनी लोकांना "मी शिकलो, तुम्ही पण मनात आणा" असं भाषण नाही दिलं, १८९३ ला अमरेलीत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ ला सगळ्या राज्यात, मुलींना धरून. १९१० ला अमेरिकेतून बॉर्डन नावाच्या लायब्ररियनला बोलावून गावोगाव लायब्ऱ्या उभ्या केल्या. म्हणजे आधी सोय, मग अपेक्षा.

आणि गँगला पण एक. तुमच्या पाच जणांत मुलगी आहे का एक तरी? कारण "सकाळी नवलखी ग्राउंडवर पळायला जा" हे माझ्या भावाला एका वाक्यात जमतं, मला घरात तीन जणांशी बोलावं लागतं. संयमाचा विषय निघाला की सगळे ते मार्शमॅलोचं सांगतात ने, स्टॅनफर्डमध्ये चार वर्षांच्या मुलांसमोर गोड ठेवलं, थोडं थांबलात तर जास्त मिळेल सांगितलं, जी थांबली ती पुढे हुशार निघाली. ते २०१८ मध्ये जास्त मुलांवर आणि वेगवेगळ्या घरांतल्या मुलांवर परत तपासलं तर तो संबंध निम्म्यावर आला, आणि घरची परिस्थिती, आईचं शिक्षण वगैरे हिशोबात धरलं की अजूनच बारीक झाला. ज्या घरात डबा रिकामा असतो तिथलं पोर समोर दिसलेलं खाऊन टाकतं, ह्यात संयम कमी कुठे आला, तो तर शहाणपणा झाला.

दांडियाबाजार_गँग

@सुरसागर_काठची, आहे, दोन मुली आहेत आणि वरचं अभ्यासाचं त्यांनीच शोधलंय. पळायचा मुद्दा आम्ही लिहिलाच नाहीये अजून. पण तुझं बरोबर आहे, मार्शमॅलो यादीतून उडवतोय.

रावपुऱ्याचे_काका

मुलगी हुशार आहे. माझं "मनात आणलं की" थोडं सैल झालं असेल, पण तालमीचा मुद्दा सोडत नाही. तिथे एकट्याने काही करायचं नसतं, उस्ताद असतो, जोडीला पोरं असतात, एक दिवस नाही गेलं तर दुसऱ्या दिवशी चौघं विचारतात काल कुठे होतास. ते तुमच्या ॲपात नाही.

कोठी_चाररस्ता

काका +१. ॲप पण विचारतं "काल कुठे होतास", पण त्याला स्वाइप करून गप्प करता येतं 😄

बिनपगारी_डॉक्टर

मी रेसिडेंट आहे, ड्यूटी संपवून लिहितेय त्यामुळे लांबलं तर माफ करा. लीलो_चेवडो ने पाचचं विचारलं ते घेते कारण माझ्याकडे ओपीडीत रोज झोप न झालेली पोरं येतात, डोकं दुखतं म्हणून.

१३ ते १८ वयाला रोज ८ ते १० तास झोप लागते, ही अमेरिकन स्लीप मेडिसिन ॲकॅडमीची शिफारस आहे आणि बालरोगवाले पण हेच सांगतात. आता तुमच्या वयात अजून एक भानगड असते. वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, मेलाटोनिन, म्हणजे जे रात्र झाली असं शरीराला सांगतं, ते मोठ्यांपेक्षा आणि लहान मुलांपेक्षा उशिरा सुटायला लागतं. म्हणून पोरगं दहाला अंथरुणात पडून पण अकरा साडेअकरापर्यंत कुस बदलत राहतं, तो आळस नाही आणि नाटक पण नाही. फोनने ते अजून पुढे ढकललं जातं हे खरं, पण फोन काढून घेतला तरी घड्याळ आजोबांसारखं होत नाही.

आता गणित करा. आपल्याकडे सकाळ पाळीच्या शाळा सातच्या आसपास भरतात, व्हॅन सहाला दारात. ट्युशन सुटते रात्री साडेआठ नऊला. जेवण, होमवर्क, बारा. सहा तासाची पण झोप होत नाही. त्यात पप्पा म्हणतात पाचला ऊठ. कुठून काढायचे ते तास? अमेरिकेच्या बालरोग संघटनेने २०१४ मध्ये सांगितलं की मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नका आणि कॅलिफोर्नियात तर हायस्कूलसाठी तसा कायदा आला, २०२२ पासून लागू आहे. आपल्याकडे ते होईल तेव्हा होईल. पण झोप कापून केलेला पहाटेचा अभ्यास हा तोट्याचा धंदा आहे, दिवसा वाचलेलं पक्कं व्हायचं काम झोपेतच होतं.

ज्याला लवकर झोप येते आणि पाचला आपोआप जाग येते त्याने खुशाल उठावं, असतात काही. पण पाचला उठण्यात स्वतःची अशी काही जादू नाही.

लीलो_चेवडो

ताई हे पप्पांना फॉरवर्ड केलं. त्यांचा रिप्लाय: "डॉक्टरताई स्वतः किती झोपतात विचार."

बिनपगारी_डॉक्टर

पप्पांना नमस्कार सांग आणि तो प्रश्न मला विचारू नको.

दोन_मुलांची_आई

मी मांजलपूरची, दोन मुलं, नववी आणि बारावी. धागा वाचून बरं वाटलं की पोरं स्वतः शोधतायत. पण नवरात्र तोंडावर आलीये आणि बडोद्यात ह्या नऊ रात्री कोणाची झोप, कोणाचं घड्याळ! गरब्याचा पास डिसेंट मार्कांच्या अटीवर दिलाय, लगेच दुसऱ्या आठवड्यात परीक्षा. मी काय करू ते कोणी शोधून सांगणार का? नाही म्हटलं तर घरात युद्ध आहे, हो म्हटलं तर बारावीचं पोर सकाळी सहाला प्रेतासारखं.

मांडवीचा_माजी

आईंना माझं मत, मी दहा वर्षापूर्वी बारावी होतो त्यामुळे दोन्ही बाजू आठवतात. जाऊ द्या. नऊ रात्रीने वर्ष बुडत नाही. फक्त सगळ्या नऊ नको, तीन चार ठरवून टाका आणि कुठल्या ते त्याला ठरवू द्या, ग्रुप बघून तो बरोबर शेवटच्या निवडेल. आणि त्या दिवशी दुपारी वीस पंचवीस मिनिटं झोपू द्या, तास दोन तास नको नाहीतर रात्री परत जागा. शनिवार रविवारची सगळी भरपाई दुपारी बारापर्यंत झोपून करायला दिली तर सोमवार जास्त वाईट जातो.

आता मूळ विषय. गँगने वर वाचण्या-आठवण्याचं लिहिलंय त्याला जोडून सांगतो, कारण त्यातला अर्धा भाग राहिलाय. आठवून लिहायचं पण कधी? त्याच दिवशी पाच वेळा लिहून काही होत नाही. जर्मनीत एबिंगहाउस नावाच्या माणसाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून छापले, काहीही अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि ठरलेल्या वेळाने किती उरलं ते बघायचं. पहिल्या काही तासात धाडकन जातं, मग हळूहळू. म्हणून थोडं विसरायला लागल्यावर परत आठवायचं, आज, मग दोन तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग पंधरवड्याने. विसरायला झालेलं असतं म्हणून त्रास होतो, त्याच त्रासाचा उपयोग होतो. मी चिठ्ठ्या करायचो, पुढे प्रश्न, मागे उत्तर, आलं तर पुढच्या डब्यात, नाही आलं तर परत पहिल्या डब्यात. डबे म्हणजे खरंच मिठाईचे रिकामे बॉक्स होते.

आणि गणित फिजिक्सला एक वेगळी गोष्ट. एकाच प्रकारची वीस गणितं सलग केली की हात बसल्यासारखा वाटतो, पण पेपरात ती मिसळून येतात आणि मग पहिला प्रश्नच हा की हे कुठल्या प्रकारचं आहे. घरीच मिसळून सोडवा, धड्या धड्यातून दोन दोन उचलून. सुरुवातीला मार्क कमी पडतील आणि चिडचिड होईल.

बाकी ते "मी व्हिज्युअल लर्नर, तू ऑडिओ लर्नर" वगैरे कोणी सांगत असेल तर सोडून द्या. २००८ मध्ये मानसशास्त्रवाल्यांनी त्यावरचे सगळे अभ्यास चाळले आणि ज्याच्या त्याच्या स्टाइलने शिकवल्याने जास्त येतं ह्याला धड पुरावा मिळाला नाही. आमच्या क्लासवाल्याने त्याची टेस्ट घेऊन वेगळी फी लावली होती.

नववी_क

हाय मी नववीत आहे इथे चालेल ने? मला दोन विचारायचंय, १ व्हे प्रोटीन घेतलं तर बॉडी बनते का माझा मित्र घेतो जिममध्ये त्याला सांगितलं, २ जीभ टाळूला लावून ठेवली की जॉलाइन येते का, मी करतोय पण काय दिसत नाही अजून

बिनपगारी_डॉक्टर

चालेल बाळा, चांगलं केलंस विचारलंस.

दुसरं आधी. जीभ टाळूला लावून चेहऱ्याचं हाड बदलतं ह्याला पुरावा नाही. चौदाव्या वर्षी तुझा चेहरा तसाही अजून बनतोय, पुढच्या तीन चार वर्षात तो आपला आपण बदलणार आहे आणि रीलवाला म्हणणार माझ्यामुळे झालं. दात वाकडे असतील किंवा घोरत असशील तर ऑर्थोडोंटिस्टला दाखव.

पहिलं, तुला पावडर लागत नाही. पाव लिटर दुधात साधारण ८ ग्रॅम प्रोटीन असतं, मूठभर भाजलेले चणे, शेंगदाणे, घरची डाळ, अंडं चालत असेल तर अंडं, एवढ्यात भागतं. जिममधल्या भाईने दिलेल्या डब्यात नक्की काय आहे हे त्याला पण माहीत नसतं. व्यायाम मात्र कर, जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं सांगते, घाम येईल असा. क्रिकेट, सायकल, पोहणं, काहीही. गरबा पण धरते मी त्यात.

नववी_क

ओके थँक्यू ताई. गरबा धरला तर मग माझं झालंच

मी_फक्त_वाचक

कधी लिहीत नाही इथे. पण हे सगळं वाचून उलटं झालं. मी सगळं करते, टाइमटेबल आहे, जर्नल आहे, सकाळी उठते, तरी रोज रात्री वाटतं की आपण कमीच आहोत, अजून एक गोष्ट सुधारायची राहिली. आधी चित्रं काढायचे ते पण सोडलं कारण त्याचा उपयोग काय असं वाटायला लागलं. जेवण पण नकोसं होतं. मैत्रिणी म्हणतात तू किती डिसिप्लिन्ड. मला माहीत नाही हे इथे का लिहिलं.

सुरसागर_काठची

बरं केलं लिहिलंस. खरंच. मला वाटतं ह्या सगळ्या सुधारणेच्या मालाची सुरुवातच तिथून होते की तू आत्ता आहेस ती खराब आहेस, नाहीतर पुढचा व्हिडिओ कोण बघेल. चित्रं सोडू नको ना ग. उपयोग नसू दे.

बिनपगारी_डॉक्टर

@मी_फक्त_वाचक, हे नुसतं टाइमटेबलचं नाही असं मला वाटतं. आवडती गोष्ट सुटणं, जेवण नकोसं होणं, रोज स्वतःबद्दल वाईट वाटणं, हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल तर कोणाला तरी प्रत्यक्ष भेटून सांग, आई, मावशी, शाळेतल्या बाई, ज्यांच्याशी जमतं त्या. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास आहे, तिथे नाव सांगायची पण जबरदस्ती नाही. मुलांसाठी १०९८ पण आहे. स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येत असेल तर आज रात्रीच घरात कोणाला उठवून सांग, उद्यावर ठेवू नको. आणि घरचे म्हणाले की टॉपर पोरगी आहे तिला काय झालंय, तरी सोडू नको, परत सांग. मला इथे खासगी निरोप टाकलास तरी चालेल.

मी_फक्त_वाचक

मावशीला सांगते. थँक्यू.

दोन_मुलांची_आई

बेटा, मावशीला आजच फोन लाव. आणि जेवून झोप.

कोठी_चाररस्ता

विषय थोडा बदलतो. डोपामिन डिटॉक्स कोणी शोधलं का? माझ्या मित्राने एक आख्खा रविवार भिंतीकडे बघून काढला, फोन नाही, गाणी नाही, जेवण पण फिकं. सोमवारी सकाळी सातला रील्स चालू.

दांडियाबाजार_गँग

ते आमच्यातल्या बायोलॉजीवालीकडे होतं. डोपामिन हे रसायन मेंदूत सारखं बनत असतं, हालचालीला पण लागतं, ते काही टाकीसारखं भरत नाही की एक दिवस नळ बंद ठेवला आणि साफ झालं. नावच चुकीचं आहे. पण ज्या गोष्टीकडे हात आपोआप जातो ती थोडी लांब ठेवा एवढं त्यातून घेतलं तर बरोबर आहे. अभ्यासाच्या वेळी फोन सायलेंट करून टेबलावर ठेवण्यापेक्षा दुसऱ्या खोलीत आजीच्या पलंगावर ठेवायचा, उठून जायचा कंटाळा आला पाहिजे. आजीला पासवर्ड माहीत नाही आणि ती विचारते कशाला पाहिजे, हा बोनस.

रावपुऱ्याचे_काका

आता हे मला पटलं. आजी हा पुरावा.

मांडवीचा_माजी

त्यालाच जोडून अजून एक जे मला सगळ्यात जास्त कामाला आलं. गोलविट्झर म्हणून एक जर्मन मानसशास्त्रज्ञ आहे त्याने दाखवलंय की "मी रोज अभ्यास करणार" असं ठरवण्यापेक्षा "अमुक झालं की मी तमुक करणार" असं ठरवलं तर जास्त वेळा घडतं. म्हणजे ट्युशनवरून आलो, चप्पल काढली, की आधी आज शिकवलेलं अर्ध्या पानावर न बघता लिहायचं, मगच जेवण. वेळ नाही लावायची, घटना लावायची, कारण आपली वेळ रोज हलते, चप्पल रोज निघतेच. पंचवीस मिनिटं काम पाच मिनिटं सुट्टी ते पोमोडोरो पण वाईट नाही, पण त्याचं ॲप शोधण्यात तास घालवू नका, भिंतीवरचं घड्याळ पुरतं.

जागेचं म्हणाल तर मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन बघा एकदा. आख्खं शहर ती बाहेरून बघतं आणि आत लोखंडी रॅकचे मजले, काचेच्या फरश्या, हे पोरांना माहीतच नाही. घरात टीव्ही आणि पाहुणे असतील तर वाचनालयासारखी फुकट जागा नाही. @सुरसागर_काठची, तिथे दुपारी मुली असतात बऱ्याच, घरी परवानगी मागायला पण "लायब्ररी" सोपं पडतं.

सुरसागर_काठची

हे बरं सांगितलंत. "लायब्ररी" ला आमच्याकडे खरंच कोणी नाही म्हणत नाही, ग्राउंडला तीन मीटिंगा.

रावपुऱ्याचे_काका

आणि ग्राउंडचं पण बघू. माझी सून सकाळी कमाटीबागेत चालायला जाते, कारेलीबागच्या चार पाच बायका असतात बरोबर. तुझ्या आईला विचार, जोडीने जाल. पाचला नाही जात त्या, रविवारी साडेसातला जातात, डॉक्टरताई ओरडणार नाहीत.

बिनपगारी_डॉक्टर

साडेसात मंजूर 👍

दांडियाबाजार_गँग

सगळ्यांना थँक्यू, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. आम्ही काय करतोय ते सांगतो. मोठं टाइमटेबल नाही बनवत. तीनच गोष्टी, चप्पल काढली की अर्धं पान, फोन आजीकडे, आणि दर शनिवारी ट्युशननंतर एकमेकांना मागच्या आठवड्याचे प्रश्न विचारायचे, ज्याचे सगळ्यात जास्त चुकतील त्याने सेवउसळ खायला घालायची. नाही, थांबा, ह्यावर आत्ताच भांडण चालू आहे, एकजण म्हणतोय चुकणाऱ्याला दंड लावला की तो प्रश्न टाळायला लागेल, चुकायचं तर आहेच ना त्यात.

मांडवीचा_माजी

तो बरोबर म्हणतोय. आलटून पालटून घाला.

लीलो_चेवडो

मी सहावा येऊ का? केमिस्ट्री कच्चं आहे, पण सेवउसळ कुठली चांगली ते सांगू शकतो.

दांडियाबाजार_गँग

ये. शनिवारी सव्वाआठ, न्यायमंदिरासमोर. मोल कन्सेप्ट करून ये, पहिला प्रश्न तुलाच.